मणक्याची शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे मन

(शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मणक्याच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्या समाजात जेवढी भीती आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शस्त्रक्रियेविषयी असेल. डोळ्याचे किंवा पोटाचे ऑपरेशन झाले असे ऐकले, की लोक ‘आता बरे वाटते ना?’ असे विचारतात. मणक्याचे ऑपरेशन झाले असे कळताच मात्र ‘आता चालता येते ना?’ हा प्रश्न येतो. रुग्ण घरी परततो तो ही भीती सोबत घेऊनच. पाठीचे टाके साधारणतः दोन आठवड्यांत निघतात. मनावर बसलेले दडपण केव्हा उतरेल, हे त्याला कोणी सांगत नाही आणि बहुधा कोणी विचारतही नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना घेरणारी उदासीनता आणि चिंता यांकडे आजारपणाचाच एक भाग म्हणून पाहिले पाहिजे. ती ओळखता येते, तिच्यावर उपचार आहेत आणि त्या उपचारांचा आरंभ रुग्णाच्या घरात, गावात व कार्यालयात होऊ शकतो. एवढीच एक गोष्ट आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

भीतीचे मूळ

मानवी कण्यात जन्मतः ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२ व कमरेत ५; त्यांच्याखालील ९ मणके पुढे एकमेकांस जुळून त्यांची माकडहाडासह दोन हाडे होतात. दोन मणक्यांमध्ये चकती असते. लोक तिला गादी म्हणतात. ही गादी सरकून नसेवर दाब आला, की कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. अमेरिकेतील बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली या दुखण्याचे कारण चकतीत असल्याचे दाखवून दिले आणि चकतीवरील शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा झाला.

‘मणक्याला हात लावला की माणूस अधू होतो’ हा समज आजही गावोगाव ऐकू येतो. वास्तविक, मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सुमारास संपतो. त्याच्याखाली नसांचा जुडगा असतो. कमरेतील चकतीच्या बहुसंख्य शस्त्रक्रिया अगदी खालच्या दोन चकत्यांवर, म्हणजे मज्जारज्जूच्या बऱ्याच खाली होतात. यात धोका मुळीच नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु सर्वसाधारण चकतीच्या शस्त्रक्रियेने माणूस हमखास लुळा पडतो, या समजाला आधार नाही.

भीतीला खतपाणी घालण्याचे काम काही शब्दही करतात. ‘मणक्यात गॅप आला’, ‘कणा झिजला’, ‘गादी फाटली’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोडकळीस आलेल्या घराचे चित्र उभे राहते. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबरदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कण्याची एमआरआय तपासणी करण्यात आली होती. त्यांपैकी केवळ ३६ टक्के व्यक्तींच्या सर्व चकत्या निर्दोष आढळल्या. अहवालात दोष लिहिलेला असणे आणि माणूस अधू असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. हा खुलासा रुग्णाला वेळीच मिळाला, तर त्याची निम्मी धास्ती तेथेच ओसरते.

वेदनेचा मार्ग मनातून जातो

वेदना म्हणजे शरीरातील बिघाडाची मेंदूकडे जाणारी साधी वर्दी, असे पूर्वी मानले जाई. १९६५ साली मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी निराळा सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत जणू एक फाटक असते आणि मेंदूकडून येणाऱ्या संदेशांनुसार ते कमी-अधिक उघडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. भय, चिंता, निद्रानाश यांनी वेदना वाढते. विश्वास, विरंगुळा आणि झोप यांनी ती सुसह्य होते. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची जी व्याख्या केली आणि २०२० साली जिच्यात सुधारणा केली, तिच्यातही वेदना हा शारीरिक संवेदनेचा तसाच भावनेचाही अनुभव असल्याचे मान्य करण्यात आले आहे.

याचा अर्थ ‘तुझे दुखणे मनाचे आहे’ असे रुग्णाला ऐकवावे, असा मात्र नव्हे. दुखणे खरेच असते. त्या दुखण्याने झोप उडते, झोप नसल्याने मन खचते, मन खचल्याने माणूस अंथरूण धरतो, अंथरुणाला खिळल्याने स्नायू दुर्बळ होतात आणि दुखणे आणखी वाढते. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते. ते औषधाने तुटते, व्यायामाने तुटते आणि आपुलकीच्या चार शब्दांनीही सैल होते.

घरी परतल्यानंतरचे दिवस

रुग्णालयात रुग्णाभोवती माणसे असतात. डॉक्टर येतात, परिचारिका येतात, नातेवाईक डबा घेऊन येतात. खरी कसोटी लागते ती घरी परतल्यावर. घरातील सर्वजण आपापल्या कामाला जातात आणि आजवर कधी दिवसा न झोपलेला माणूस आढ्याकडे पाहत पडून राहतो.

शेतकऱ्याला वजन उचलू नका असे सांगितलेले असते. पेरणी तोंडावर आलेली असते आणि त्याला बांधावर बसून दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागते. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाच्या दृष्टीने तर पाठ हेच भांडवल. तेच अडकून पडले, की संसाराचा गाडा रुतलाच. गृहिणीची अवस्था आणखी अवघड. पाण्याची कळशी उचलायची नाही, खाली बसून भाकरी थापायची नाही, लहान मूल कडेवर घ्यायचे नाही. कोणी टोचून बोलले नाही, तरी आपण घराला भार झालो आहोत ही भावना तिला आतून पोखरते. खाली बसून वापरावयाच्या शौचकूपामुळे प्रौढ माणसाला मुलाचा किंवा सुनेचा आधार घ्यावा लागतो. त्यातून वाटणारा संकोच कोणी बोलून दाखवत नाही. पण अन्नपाणी कमी करून तो टाळण्याचा प्रयत्न काही रुग्ण करतात.

यात भर पडते ती अनिश्चिततेची. पायातील कळ अनेकदा शस्त्रक्रियेनंतर लवकर थांबते. परंतु बधिरपणा व अशक्तपणा हळूहळू, काही महिन्यांत कमी होतो. मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हाडे सांधण्यासही काही महिने लागतात. हे आधी सांगितलेले नसेल, तर प्रत्येक मुंगी आणि प्रत्येक चमक रुग्णाला ‘ऑपरेशन फसले’ असे सांगू लागते. भेटीला येणारी मंडळीही नकळत तेल ओततात. कोणाच्या मेव्हण्याचे दोनदा ऑपरेशन करावे लागले, कोणाचा चुलता पुन्हा उठलाच नाही, अशा कथा उशाशी बसून सांगितल्या जातात.

लक्षणे कशी ओळखावीत?

पहिले काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे, झोप न लागणे हे स्वाभाविक आहे. मात्र ही स्थिती दोन आठवड्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस टिकून राहिली, तर तिच्याकडे लक्ष दिलेच पाहिजे.

आपल्याकडील रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘अंगात त्राण नाही’, ‘घास उतरत नाही’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘डोके सुन्न झाले आहे’. पुरुषांच्या बाबतीत उदासीनता पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर पडते, तर कधी मद्याच्या आहारी जाण्याने. चिंतेचे रूप वेगळे असते. छातीत धडधड होते, घाम फुटतो. डॉक्टरांनी कमरेचा पट्टा काढण्यास सांगितले, तरी रुग्ण तो काढण्यास धजत नाही. चालण्यास सांगितले, तरी भिंत सोडत नाही. घरच्यांना हा आळस वाटतो. वस्तुतः ते भय असते.

ज्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच उदासीनतेने ग्रासले आहे, जे वर्षानुवर्षे दुखणे सोसत आले आहेत, जे एकटे राहतात, ज्यांच्यावर कर्ज आहे किंवा ज्यांची नोकरी अनिश्चित आहे, त्यांना अधिक जपावे लागते. फिनलंडमधील संशोधकांनी कमरेच्या कण्यातील मार्ग अरुंद झालेल्या रुग्णांचा शस्त्रक्रियेनंतर पाठपुरावा केला. नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा लाभ कमी प्रमाणात मिळतो, असे त्यांना आढळून आले. म्हणून मनाची विचारपूस शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच व्हावी, हे उत्तम. अशा रुग्णाला शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. त्याच्या दोन्ही दुखण्यांवर एकाच वेळी उपचार व्हावेत, एवढेच.

दोन साधे प्रश्न

जगभर वापरल्या जाणाऱ्या एका तपासणीपद्धतीत आरंभी केवळ दोन गोष्टी विचारल्या जातात. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा करमणुकीत रस वाटेनासा झाला आहे काय? आणि मन खिन्न, उदास किंवा निराश राहते काय? हे प्रश्न विचारण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. आशा कार्यकर्ती, शाळेतील सहकारी, पंचायत सदस्य किंवा शेजारी यांपैकी कोणीही ते विचारू शकतो. उत्तर बहुतेक दिवसांसाठी ‘होय’ असे आले, तर पुढची पायरी डॉक्टरांची.

तिसरा प्रश्न अवघड आहे. पण तो टाळता कामा नये. ‘जगणे नकोसे वाटते काय?’ असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. विचारणारा भेटल्याने उलट मनावरचे ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले, तर त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये, कीटकनाशके व औषधांचा साठा तिच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था करावी आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातील शक्ती अचानक कमी होणे, ताप येणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, पोटरी सुजणे अथवा धाप लागणे ही लक्षणे मनाची समजून घरी बसू नये. अशा वेळी रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

डेन्मार्कमधील एक प्रयोग

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ९० रुग्णांवर डेन्मार्कमध्ये एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला व्यायामाची माहिती देणारी चित्रफीत दाखविण्यात आली. दुसऱ्या गटाला तज्ज्ञाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम देण्यात आला. तिसऱ्या गटाला चित्रफितीच्या जोडीला, आठ आठवड्यांत तीन वेळा, तशीच शस्त्रक्रिया झालेल्या इतर रुग्णांसमवेत कॉफी घेत बसून बोलण्याची संधी देण्यात आली. कोणाला काय जमते, कोणाला कशाची भीती वाटते, हे त्यांनी एकमेकांना सांगावे, असा हेतू होता. दोन वर्षांनंतर असे दिसून आले, की दैनंदिन कामे करण्यात हा तिसरा गट इतर दोन्ही गटांपेक्षा सरस ठरला होता.

यावरून व्यायाम निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. यातील बोध असा, की त्याच वाटेने गेलेल्या माणसाचा अनुभव रुग्णाला जो धीर देतो, तो इतर कोणी देऊ शकत नाही. डॉक्टरांनी ‘वाका, काही होत नाही’ असे दहादा सांगूनही जे पटत नाही, ते शेजारच्या वाडीतील गृहस्थ वाकून दाखवितात तेव्हा पटते. यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. गावाचा पार आहे, समाजमंदिर आहे, प्राथमिक आरोग्य केंद्राची ओसरी आहे. महिन्यातून एकदा चार-पाच रुग्णांना चहाला एकत्र बसविणे हे कोणत्याही पंचायतीच्या आवाक्यातील काम आहे. स्त्रियांची बैठक स्वतंत्र ठेवल्यास त्या अधिक मोकळेपणाने बोलतील.

उपलब्ध उपचार व व्यवस्था

‘निम्हान्स’ या बंगळुरू येथील राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. प्रौढांपैकी दर दहांमागे सुमारे एकास कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे तीत दिसून आले. नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. उपचार नाहीत म्हणून ही दरी पडली असे नव्हे. पुष्कळदा विचारपूसच होत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रूपाने तो जिल्ह्यांपर्यंत नेण्यास आरंभ झाला. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या उदासीनतेसाठी बहुतेकांना तेथवर जाण्याची आवश्यकता पडत नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा सल्ला पुरेसा होतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. त्यावर दिवसा किंवा रात्री केव्हाही विनामूल्य व मराठीतून बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये शासकीय यंत्रणेकडून अशी सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, याचीही जाणीव असावी.

नैराश्यावरील गोळ्यांबाबत बरेच गैरसमज आहेत. या गोळ्यांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून त्या पहिल्याच आठवड्यात सोडू नयेत. मद्य किंवा तंबाखूसारखी त्यांची चटक लागत नाही. तथापि डॉक्टरांना न विचारता त्या एकाएकी बंद करणेही योग्य नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या व मनावर उपचार करणाऱ्या अशा दोन्ही डॉक्टरांना चालू असलेली सर्व औषधे दाखवावीत. तीव्र वेदनाशामक गोळ्या ठरलेल्या मुदतीपलीकडे स्वतःच्या मनाने घेत राहणे धोक्याचे आहे. धूम्रपानाने हाडे सांधण्यास अडथळा येतो, म्हणून तेही सोडणे अगत्याचे. गोळ्यांखेरीज समुपदेशनाचाही उपयोग होतो. कोणत्या हालचालीला भय वाटते हे शोधून ती थोड्याथोड्या प्रमाणात पुन्हा करावयास शिकविणे, हा त्याचा गाभा आहे.

कार्यालय, शाळा आणि पंचायत

रुग्णाच्या चिंतेचे एक मोठे कारण नोकरी हे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला कामावरून कमी करता येत नाही किंवा त्याचा दर्जा घटविता येत नाही. पूर्वीचे काम त्याला जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीच्या व सेवालाभांच्या अन्य पदावर त्याची नेमणूक करावी लागते. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकास दिव्यांगत्व येते असे नाही. परंतु ज्याच्या पायात कायमचा अशक्तपणा राहिला आहे, अशा सहकाऱ्याला ही तरतूद कार्यालयप्रमुखाने आपण होऊन समजावून सांगावी. एका कलमाची माहिती कित्येक रात्रींची झोप परत देऊ शकते.

रजेवरून परतलेल्या शिक्षकाला तळमजल्यावरील वर्ग देणे, उभे राहून शिकविण्याच्या मधोमध बसण्याची सोय करणे, आरंभी फळ्यावरील लिखाण विद्यार्थ्यांकडून करून घेणे यांस फारसे सायास पडत नाहीत. लिपिकाला अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालू दिले, तर काम खोळंबत नाही. पंचायत सदस्यांनी रुग्णाकडे दयेचा विषय म्हणून पाहू नये. वजन उचलणे वर्ज्य असले, तरी हिशेब, वाचन, देखरेख, सल्लामसलत ही कामे तो करू शकतो. ग्रामसभेला त्याला आवर्जून बोलवावे. घरातील मंडळींनीही सगळी कामे त्याच्या हातून काढून घेऊ नयेत. डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास घेणे, सकाळ-संध्याकाळ ठरावीक अंतर चालणे यांतूनच ‘आपण अजून उपयोगी आहोत’ ही भावना परत येते.

ज्यांच्या मज्जारज्जूलाच इजा होऊन पाय कायमचे निकामी होतात, त्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा जखमी सैनिकांसाठी विशेष केंद्र सुरू केले आणि २९ जुलै १९४८ रोजी १६ स्पर्धकांच्या धनुर्विद्येच्या सामन्यांनी तेथील क्रीडास्पर्धांचा आरंभ केला. पुढे त्यांतूनच पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २०१८ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून अशा जवानांचे पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे. प्रत्येक रुग्ण पदक मिळवील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये आणि तशी तुलना करून खचलेल्या माणसाला लाजवू तर मुळीच नये. या उदाहरणांतून घ्यावयाचा धडा एवढाच, की शरीराच्या उपचारांबरोबर माणसाला उद्योग, सोबत आणि उद्दिष्ट मिळाले, तर त्याचे मन उभारी धरते.

आपल्या गावात, शाळेत किंवा कार्यालयात गेल्या वर्षभरात मणक्याची शस्त्रक्रिया झालेली एखादी तरी व्यक्ती असेल. या आठवड्यात तिच्या घरी जाऊन यावे. पाठीविषयी विचारून झाल्यावर थोडे थांबावे आणि झोप लागते काय, कशात मन रमते काय, हेही विचारावे. उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ हाताशी ठेवावा आणि निघण्यापूर्वी १४४१६ हा क्रमांक घरातील एखाद्या जाणत्या माणसाला लिहून द्यावा.